कायदे झाले, मग कॅन्सर का वाढतो?

प्रश्न : तंबाखूवर कर वाढतो, पाकिटांवर भयानक चित्रं छापतात, धूम्रपानाला बंदी येते. तरी कॅन्सरचे रुग्ण वाढल्याच्याच बातम्या. हे कायदे निव्वळ दिखाऊ आहेत का? – एक वाचक

उत्तर : माझं काम कॅन्सर नोंदणीचं. केसपेपरवरून रुग्णाचं वय, गाठ कुठे, निदान कधी, हे मी उतरवून घेते. आज ज्यांची नोंद होते, त्यांतल्या बऱ्याच जणांना तंबाखू लागली ती वीस-तीस वर्षांपूर्वी, कित्येकांना तर मिसरूड फुटायच्या आत. परवा झालेला कायदा त्यांच्या कागदावर कसा दिसेल?

अमेरिकेत माणशी सिगारेटचा खप 1963 च्या सुमारास सर्वाधिक होता. 1964 मध्ये सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा, धूम्रपानाने कॅन्सर होतो असं सांगणारा अहवाल आला. पुढे इशारे, जाहिरातबंदी, कर असं होत होत खप उतरला. पण पुरुषांमधला फुप्फुसाच्या कॅन्सरचा मृत्युदर वाढतच राहिला आणि 1990 च्या आसपास कुठे उतरणीला लागला. मधल्या काळात तिथल्या कोणीही तुमचाच प्रश्न विचारला असता. शिवाय लोकसंख्या वाढते, माणसं जास्त जगतात, तेवढ्यानेही रुग्णांचा आकडा फुगतो. म्हणून आम्ही वयोमानाचा फरक वजा करून काढलेला दर बघतो. बातमीत तो क्वचितच असतो.

उपायांपैकी माझा भरवसा करावर. किंमत 10 टक्के वाढली की खप साधारण 4 ते 5 टक्के घटतो, आणि आधी हात आखडतात ते पोरंसोरं, कारण त्यांच्या खिशात पैसेच कमी. मात्र एकाच प्रकारावर कर वाढवला, तर माणूस स्वस्त प्रकाराकडे वळतो. ही पळवाट सरकारं का ठेवतात, देव जाणे! नुसत्या चित्रांवर माझी फारशी भिस्त नाही.

सोडणाऱ्यांचा फायदा त्यामानाने लवकर दिसतो. धूम्रपान सोडलं की 10 ते 15 वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका निम्म्यावर येतो. म्हणून नव्यांना रोखणारा कायदा आणि जुन्यांना सोडवणारी मदत, दोन्ही एकदमच हवं.

मालदीवने नोव्हेंबर 2025 पासून, 1 जानेवारी 2007 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तंबाखू विकायला कायमची बंदी केली. त्यांच्यातले थोरले पन्नाशीला येतील 2057 मध्ये. 2035 चे आकडे बघून कोणी हा कायदा फसला म्हणालं, तर त्याला अमेरिकेतली ती मधली वर्षं दाखवा.