छत्तिशीतला नवरा आणि माळ्यावरचे डायनासोर

मी समुपदेशक. माझ्याकडे नवऱ्याच्या छंदाची तक्रार घेऊन येणाऱ्या बायका कमी नाहीत. बुलेटवर पगार उडवणारे, घरभर फिशटँक मांडणारे, ट्रेकच्या नावाखाली दर शनिवार-रविवार सह्याद्रीत गायब होणारे नवरे. हे सांगताना बाई बहुधा चिडलेली असते. मनीषा मात्र ओशाळलेली होती. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, दोघांच्या परवानगीनं लिहिते आहे.) ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरनं ठाण्याला आली, नौपाड्यातल्या माझ्या खोलीत बसली, मुलीला दात येतायत वगैरे बोलून झालं आणि मग मोबाइल पुढे केला. फोटोत हॉलमधलं भिंतीवरचं शेल्फ होतं. त्यावर ओळीनं डायनासोर, मधेच एक मॅमथ, एका टोकाला समुद्रातला कुठलासा लांब मानेचा प्राणी.

"छत्तीस वर्षांचा आहे, मॅडम. ऑफिसात दहा माणसं हाताखाली आहेत. आणि घरी ही खेळणी. हे नॉर्मल आहे का?"

सासूबाईंनी आपलं निदान केव्हाच केलं होतं: "एकदा ठाण्याला दाखवून आण त्याला." मनोरुग्णालय इथं असल्यामुळे अख्ख्या मुंबईत ठाणं या नावाला जो अर्थ चिकटला आहे, तो इथं प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्यासारखीला पाठ आहे. मी हसले, मग तीही हसली, आणि हसता हसता रडली.

हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत विचारला जातो, म्हणून आधी सरळ उत्तर. मोठ्या माणसानं खेळण्यातले डायनासोर जमवणं हा आजार नाही. काका पोस्टाची तिकिटं जमवत असतील तर आपण त्यांना अभ्यासू म्हणतो, जुनी नाणी जमवणाऱ्याचं पेपरात नाव येतं. डायनासोर मात्र 'खेळणं' ठरतो, म्हणून पाहुणे यायच्या आधी शेल्फवर चादर टाकावीशी वाटते. मनीषा खरंच टाकायची.

दुसरी भीती असते ती साठेबाजीच्या विकाराची. वस्तू टाकूनच देता येत नाहीत, इतक्या साठतात की पलंगावर झोपायला आणि ओट्यावर स्वयंपाक करायला जागा उरत नाही, टाकायचं नुसतं नाव काढलं तरी जीव कासावीस होतो, असा तो विकार. 2013 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत त्याची स्वतंत्र नोंद झाली. छंद म्हणून जमवणारा माणूस निवडून घेतो, मांडून ठेवतो, चार लोकांना दाखवतो. फोटोतलं शेल्फ माझ्या टेबलापेक्षा नीटनेटकं होतं.

मग मी विचारलं, "तुला नेमका कशाचा त्रास होतो?" बराच वेळ ती "लोक काय म्हणतील" याभोवतीच फिरत राहिली. शेवटी म्हणाली, "माझं रूट कॅनॉल तीन महिने पुढे ढकललंय. या महिन्यात नको, पुढच्या महिन्यात बघू, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. आणि परवा माळ्यावर पाहुण्यांच्या गाद्या काढायला चढले, तर मागे खोकी. सीलसुद्धा न काढलेली."

पुढच्या वेळी तिच्या नवऱ्याला, निखिलला बोलावलं. येताना आवडता एक प्राणी घेऊन या, असा निरोप दिला होता. कपाळावर आठ्या घेऊनच आला. सल्ला ऐकायच्या तयारीनं आलेल्या माणसाची बसण्याची एक पद्धत असते. स्टीलच्या डब्यातून, रुमालात गुंडाळलेला टी-रेक्स काढून त्यानं माझ्या टेबलावर ठेवला. तो जरा पुढे कलला होता. मी बोट लावलं तर नाकावर पडला.

"उन्हाळ्यात होतं असं," तो म्हणाला. "हे पीव्हीसी आहे. उकाड्यात मऊ पडतं, आणि दोन पायांवर उभे असलेले प्राणी वजनानं वाकतात. गरम पाण्यात पाय बुडवायचे, मऊ झाले की सरळ करायचे आणि तसेच धरून लगेच थंड पाण्यात." बोलताना त्याचे अंगठे त्या प्राण्याच्या घोट्यांवर आपोआप गेले होते. आठ्या गेल्या. मग टी-रेक्सचे हात दाखवले: तळवे जमिनीकडे वळलेले असले तर बनवणाऱ्यानं अभ्यास केलेला नाही, ते एकमेकांकडे तोंड करून हवेत. शेपूट जमिनीवर फरफटत असेल तर ती जुनी समजूत. पाठीवर शिड असलेला डायमेट्रोडॉन दुकानातल्या प्रत्येक पुड्यात डायनासोर म्हणून कोंबलेला असतो, पण तो डायनासोर नाहीच. नात्यानं तो आपल्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या जवळचा, आणि पहिला डायनासोर जन्मायच्या काही कोटी वर्षं आधीच संपलेला.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी एका ब्रिटिश कंपनीनं 1974 पासून अशी मॉडेल्स काढली, हे त्याच्याकडूनच कळलं. अमेरिकेतल्या कार्नेगी म्युझियमच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली 1988 ते 2015 एक मालिका निघाली, त्यातले बरेच प्राणी मूळ आकाराच्या एक-चाळीसांश प्रमाणात होते. गुजरातेत रहिओलीला सापडलेल्या राजासॉरस या डायनासोरला 2003 साली नाव मिळालं. आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा इसिसॉरस! हे नाव त्यानं, गावाकडच्या माणसानं आमदारकी मिळवावी, अशा सुरात घेतलं. आपल्याकडच्या प्राण्यांची धड मॉडेल्स मिळत नाहीत, ही त्याची खंत.

लोकांना वाटतं, समुपदेशक आता याचं बालपण उकरणार आणि तिथं एखादा न मिळालेला डायनासोर सापडणार. तसं काही नव्हतं. वडिलांनी स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडून एक पुडा आणून दिला होता, पोरगा रमला, आणि रमलेलाच राहिला.

मग मी त्याच्यापुढे कागद ठेवला. शेल्फवर काय काय आहे ते आठवून लिहायला सांगितलं. भराभर लिहिलं: नाव, कंपनी, कुठून घेतला, कुणाच्या शेपटीचा रंग उडालाय. दुसऱ्या कागदावर माळ्यावरच्या खोक्यांत काय आहे ते लिहायला सांगितलं. तीन नावं लिहिली. पेन थांबलं. "अजून एक स्पायनोसॉरस असेल," म्हणाला, आणि कागद उलटा केला.

माझ्या दृष्टीनं केसचं निदान त्या दोन कागदांत होतं. शेल्फवरचे प्राणी त्याचा छंद होते. माळ्यावरचे प्राणी आणखी कशाचे तरी होते. ते मागवले गेले होते आणि दारात आल्याक्षणी त्यांचं काम संपलं होतं.

मोबाइलवरच्या ऑर्डरींच्या वेळा आम्ही दोघांनी मिळून पाहिल्या. जवळजवळ सगळ्या रात्री साडेबारा ते दोनच्या मधल्या. आणि गेल्या वर्षभरातल्या. वर्षापूर्वी काय झालं, असं विचारल्यावर त्यानं आधी मुलीचा जन्म सांगितला. मग, बऱ्याच वेळानं, टीममधल्या तिघांना एका दुपारी लॅपटॉप जमा करायला सांगितलं गेलं, ते सांगितलं. त्यातल्या दोघांची नावं यादीत त्याला स्वतःला टाकावी लागली होती. हे घरी बोलला नव्हता. रात्री अमेरिकेचा कॉल संपला की झोप यायची नाही, मग फोन. ऑर्डर केली की पार्सल कुठवर आलं हे बघण्यात चार-पाच दिवस बरे जायचे. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर घ्यायचं, बॅगेतून घरी आणायचं, मनीषा अंघोळीला गेली की माळ्यावर. किंमत विचारलीच तर, "सेलमध्ये होतं गं, चारशेला." ते चार हजारांचं असायचं.

या छंदाची एक खोच मला त्याच्याशी बोलताना कळली. तिकिटांचा एखादा संच कधीतरी पूर्ण होतो. इथं प्राणीच बदलत राहतो. स्पायनोसॉरसची शेपूट वल्ह्यासारखी चपटी होती हे 2020 साली प्रसिद्ध झालं, की आधीचा स्पायनोसॉरस चुकीचा ठरला. व्हेलोसिरॅप्टरच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा असल्याचं 2007 साली पुढे आलं, म्हणजे पिसांवाला हवा. शिवाय कंपन्या जुनी मॉडेल्स बंद करतात, मग 'आत्ता नाही घेतलं तर कधीच नाही'. मन शांत असेल तर यात मजा आहे. रात्री दीड वाजता, नोकरीची धास्ती पोटात घेऊन पडलेल्या माणसाला मात्र एवढं निमित्त पुरतं.

अशा खरेदीला त्या निदान-पुस्तिकेत वेगळं नाव नाही, आणि निखिलला नाव चिकटवायची मला घाईही नव्हती. झोप आणि उदासी एकदा नीट तपासून घ्यावी म्हणून ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळी लागली नाही. झोपेची घडी बसवण्यात दोन महिने गेले.

मधल्या काळात घरी एक प्रकार झाला. सासूबाईंनी शेल्फवरचा ट्रायसेरॅटॉप्स उचलून शेजारच्या मुलाला देऊन टाकला. निखिल दोन दिवस आईशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी रात्री नवी ऑर्डर गेली. हे मी प्रत्येक घरात सांगते, इथंही सांगते: माणसाच्या मागे त्याच्या वस्तू काढून टाकू नका. आवराआवर होत नाही, लपवाछपवी वाढते.

पण सासूबाईंना मी भेटायला बोलावलं तेव्हा त्या वेड्याबिड्याचं काहीच बोलल्या नाहीत. "अहो, पोरगी रांगते. परवा त्या मेल्या डायनासोरची नांगी तोंडात होती तिच्या." नांगी नव्हती, शिंग होतं, पण मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती टोकदार किंवा तुटून घशात अडकेल अशी वस्तू पडता कामा नये. घरात हे तिघांपैकी कुणी एकमेकांना असं सरळ सांगितलंच नव्हतं. आजी वेडाची भाषा बोलत होती आणि मुलगा अपमान ऐकत होता. त्या आठवड्यात काचेच्या दाराचं कपाट आलं, कुलपासकट, आणि शेल्फ खाली उतरलं.

पैशांच्या बाबतीत जे ठरलं ते अगदी रोखठोक होतं. ॲपमधून कार्डाचा नंबर काढून टाकायचा. रात्री हवंहवंसं वाटलं तर कार्टमध्ये टाकायचं, पण पैसे भरायचे ते रविवारी सकाळी चहाच्या वेळी, मनीषासमोर. महिन्याची एक रक्कम त्याची. ती डायनासोरवर घालवली की मिसळपावावर, तिनं विचारायचं नाही. मनीषाला यातलं शेवटचं कलम पटायला वेळ लागला. "म्हणजे मी परवानगी द्यायची?" नाही, परवानगी मागायला तो शाळेतला मुलगा नाही. खरी किंमत कळणं, एवढाच तिचा हक्क मी धरला होता. आणि रूट कॅनॉल सगळ्यात आधी.

माळ्यावरची खोकी दोघांनी एका दुपारी हॉलमध्ये मांडली. त्यातली ठेवायची ती त्यानं निवडली, बाकीची जमवणाऱ्यांच्या गटात विकायला काढली. कमी भाव आला. बिनसांगता घेतलेलं एक खोकं मनीषानं ठेवून घ्यायला लावलं. आतल्या मॅमथचे केस तिला आवडले म्हणे.

एक अवांतर. हे वाचून काही आया मुलांबद्दल विचारतील, म्हणून इथंच लिहून टाकते. चार-पाच वर्षांचं मूल डायनासोरच्या ओळी लावतं, अवघड नावं घडाघडा म्हणतं, एवढ्यावरून ते ऑटिस्टिक ठरत नाही. हाक मारल्यावर बघतं का, आवडलेली गोष्ट बोट दाखवून तुम्हाला दाखवतं का, त्या प्राण्यांना खोटंखोटं जेवायला घालतं का, इतर मुलांत मिसळतं का, हे बघा. यात अडखळत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नका. नुसतं डायनासोरवेड असेल तर त्याच्याबरोबर खाली बसा.

नोकरीबद्दल निखिल आता घरी बोलतो. ज्या दोघांची नावं त्यानं दिली होती त्यांतल्या एकाला त्यानं स्वतःहून फोन केला, दुसऱ्याला अजून धीर झालेला नाही. गणपतीच्या सुमारास सेल लागला आणि रविवारपर्यंत न थांबता त्यानं एक ऑर्डर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषाला सांगितलं, खऱ्या किमतीसकट. भांडण झालंच, पण ते बावीसशे रुपयांवरून झालं. आधीची भांडणं कशावरून होतात ते दोघांना कळतही नव्हतं.

सासूबाईंचं मत बदललेलं नाही. त्यांच्या मते मोठ्या माणसानं जमवायचंच असेल तर सोनं जमवावं. पुढची भेट मी मुद्दाम दिवाळीचा बोनस खात्यात पडल्यानंतरच्या आठवड्यात ठेवली आहे.