मेलमधून उघडलेल्या फाइलमधल्या दुरुस्त्या जातात कुठे?

(फोल्डरांची आणि आज्ञांची नावे इथे देवनागरीत छापली आहेत, संगणकावर ती इंग्रजीतच टंकायची.)

प्रश्न : दिवाळी अंकाची वर्ड फाइल आउटलुकवर आली. मेलमधूनच उघडून चार तास मुद्रितशोधन केले, मधूनमधून कंट्रोल-एस दाबत होते. रात्री सगळे बंद केले. सकाळी त्याच मेलमधून फाइल उघडली, तर एकही दुरुस्ती नाही. काम गेले का?
— मुद्रितशोधक, सांगली

उत्तर : गेलेच असे समजू नका, पण आधी दोन गोष्टी थांबवा. डिस्क क्लीनअप किंवा कसलाही ‘सफाई’चा प्रोग्राम चालवू नका, आणि फाइल सापडेपर्यंत त्या संगणकावर नवे काही उतरवून घेऊ नका.

मेलला जोडलेली फाइल मेलच्या आतच असते आणि ती बदलत नाही. तुम्ही ती उघडता तेव्हा आउटलुक तिची एक नक्कल तात्पुरत्या फोल्डरात ठेवते आणि वर्ड ती नक्कल उघडते. तुमचे कंट्रोल-एस त्या नकलेवर झाले. सकाळी मेलमधून उघडलीत ती पुन्हा मूळ फाइल, म्हणून ती कोरी दिसली.

आता नक्कल शोधू. आधी सोपा मार्ग : वर्डमध्ये फाइल, ओपन, रिसेंट. तिथे याच नावाची फाइल दोनदा दिसत असेल, तर खालच्या बारीक अक्षरांतला पत्ता वाचा आणि कालची निवडा. उघडली तर लगेच एफ-१२ दाबून डॉक्युमेंट्समध्ये नव्या नावाने ठेवा.

नाहीच उघडली, तर विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत असे टंका : %लोकलॲपडेटा%\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\आयनेटकॅश\कंटेंट.आउटलुक. पत्ता टंकूनच जा. हा फोल्डर लपवलेला असतो आणि ‘हिडन आयटम्स’वर खूण केली तरी एकेक फोल्डर उघडत गेल्यास सहसा दिसत नाही, त्यामुळे अनेकजण इथेच नाद सोडतात. आत अक्षरे-आकडे मिसळलेल्या निरर्थक नावाचा आणखी एक फोल्डर असेल, कधी दोन-तीनही असतात. प्रत्येकात ‘डेट मॉडिफाइड’वर क्लिक करून कालच्या रात्रीची वेळ शोधा. नावापुढे कंसात ००२ किंवा ००३ असलेल्या नकलाही उघडून पाहा. फाइल सापडली की तिथे उघडू नका. आधी कॉपी करून डॉक्युमेंट्समध्ये आणा.

फाइल सापडेल की नाही, हे बऱ्याचदा काल आधी काय बंद केले यावर ठरते. मेल किंवा आउटलुक बंद होताना ते आपल्या नकला पुसायला जाते. तेव्हा वर्डमध्ये फाइल उघडी असेल, तर ती पुसता येत नाही आणि मागे राहते. वर्ड आधी आणि आउटलुक नंतर बंद केले असेल, तर नक्कल पुसली गेल्याची शक्यता जास्त. अशी पुसलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही, तिथे शोधण्यात वेळ घालवू नका.

काही वेळा अशी फाइल ‘रीड-ओन्ली’ (फक्त वाचण्यापुरती) उघडते आणि कंट्रोल-एस दाबल्यावर नाव व जागा विचारते. न वाचता एंटर दाबला असेल, तर ती डॉक्युमेंट्समध्ये किंवा वनड्राइव्हवर पडलेली असू शकते. तिथेही पाहा. आणि रात्रीच ती फाइल कुणाला पाठवली होती का, हे आठवा : सेंट आयटम्समधली प्रत दुरुस्त केलेली असू शकते.

शोधताना मजकुरातला मराठी शब्द टाकून शोधू नका. मजकूर युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टात असेल, तर संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचा गुंता असतो आणि मराठी शब्द त्याला सापडत नाही. तारखेवरूनच शोधा.

यातले काहीच न जमल्यास पुसलेली फाइल परत आणणारा प्रोग्राम उरतो. मायक्रोसॉफ्टचा ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ फुकट आहे. सापडलेल्या फाइली मात्र दुसऱ्या ड्राइव्हवर, म्हणजे पेन ड्राइव्हवर उतरवा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर आशा बरी असते. एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) पुसलेली जागा ट्रिम आज्ञेने लवकरच रिकामी करते, तिथे फार विसंबू नका.

प्रश्न : अशीच मेलमधून उघडलेली फाइल बंद करताना चुकून ‘डोन्ट सेव्ह’ दाबले. काही उपाय?
— सोसायटीचे सचिव, डोंबिवली

उत्तर : वर्डमध्ये फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स. इथली यादी रिकामी दिसली तरी चौकट बंद करू नका. त्याच चौकटीत वर %ॲपडेटा%\मायक्रोसॉफ्ट\वर्ड हा पत्ता टंका. आत फाइलच्या नावाने सुरू होणारा फोल्डर आणि त्यात एएसडी प्रकारची फाइल (वर्डने आपोआप ठेवलेली प्रत) असेल, तर ती उघडून लगेच सेव्ह करा. डिस्कवरची साधी फाइल पुन्हा उघडली की वर्ड स्वतःच ही प्रत इन्फोमध्ये दाखवते. मेलमधून उघडताना दर वेळी नवी नक्कल तयार होऊ शकते, आणि वर्डला जुन्या प्रतीशी तिचे नाते कळत नाही. म्हणून ती हाताने शोधायची.

ही प्रत दर १० मिनिटांनी होते, तेव्हा शेवटची काही मिनिटे जातील. ऑप्शन्स, सेव्हमध्ये हा अवधी ३ मिनिटांवर आणा आणि खालच्या ‘कीप द लास्ट ऑटोरिकव्हर्ड व्हर्जन’वर खूण आहे ना, ते तपासा. ती नसेल तर ‘डोन्ट सेव्ह’ दाबताच प्रत पुसली जाते.

प्रश्न : जीमेल क्रोममध्ये उघडते. गुणांची एक्सेल फाइल भरली, आता रिकामी दिसते.
— शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : तुमचे काम बहुधा सुरक्षित आहे. क्रोम फाइल डाउनलोड्समध्ये उतरवते आणि त्याच मेलमधून पुन्हा उतरवली की नावापुढे कंसात १, २ असे आकडे लावते. तुम्ही शेवटची, कोरी प्रत पाहत आहात. कंट्रोल-जे दाबून यादी पाहा, किंवा डाउनलोड्समध्ये बदलाच्या तारखेने लावून त्याच नावाच्या सगळ्या प्रती उघडा. फायरफॉक्सही २०२२ मधल्या ९८व्या आवृत्तीपासून अशा फाइली डाउनलोड्समध्येच ठेवते. त्याआधी ‘ओपन’ निवडल्यास त्या टेम्प फोल्डरात जात.

प्रश्न : मॅकवरच्या मेल ॲपमध्ये असे झाले तर?
— वाचक, पुणे

उत्तर : फाइंडरमध्ये शिफ्ट-कमांड-जी दाबा आणि ~/लायब्ररी/कंटेनर्स/कॉम.ॲपल.मेल/डेटा/लायब्ररी/मेल डाउनलोड्स इथे जा. प्रत्येक जोडफाइल लांबलचक नावाच्या वेगळ्या फोल्डरात असते, तेव्हा वरच्या शोधचौकटीत फाइलचे नाव टाका आणि शोध याच फोल्डरापुरता ठेवा. मेलच्या सेटिंगमध्ये न बदललेल्या डाउनलोड फाइली पुसण्याची सोय आहे. बदल करून सेव्ह केलेल्या फाइलींना ती लागू नाही, त्यामुळे तुमची प्रत तिथे सापडण्याची आशा चांगली आहे.