विदर्भातल्या खेड्यात घरच्यांनी मिळून छोटी 'इंटरनॅशनल स्कूल' चालवायची तर रोजचा दिवस कसा जातो?

तुम्ही विचारलंय की नोकरी सोडून नवरा-बायको यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी परतणार, घरच्या जागेत पहिली ते पाचवीची छोटी इंटरनॅशनल स्कूल काढणार, सासू-सासरे सोबत असतील. तर दिवस कसा जातो आणि अडतं कुठे? उत्तर शंभर-सव्वाशे मुलं धरून देते. अडतं ते शिकवण्यात कमी आणि पाणी, गाडी, फी या तिघांत जास्त.

आधी 'इंटरनॅशनल' या पाटीबद्दल. आयबी किंवा केंब्रिज या परदेशी मंडळांची मान्यता परदेशी चलनात वार्षिक शुल्क, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि तपासण्या घेऊन येते. कापूस-सोयाबीनवाल्या पालकांच्या फीमधून ते निघत नाही. तालुक्याच्या गावी 'इंटरनॅशनल' लिहिलेल्या बहुतेक शाळा राज्य मंडळाच्या नाहीतर सीबीएसईच्याच असतात. तुम्ही स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या 2012च्या कायद्याखाली परवानगी घ्याल आणि मराठी विषय शिकवावाच लागेल, 2020च्या कायद्याने तो सगळ्या मंडळांना सक्तीचा आहे. पाटीवर काय लिहायचं ते नंतर ठरवा.

घरच्यांपैकी कोण काय करणार हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. वर्गावर उभं राहायला डी.एड.सारखी व्यावसायिक पात्रता आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते. नुसता एम.ए. झालेला दीर चालत नाही, मात्र तो दफ्तर म्हणजे शाळेची कागदपत्रं, गाड्या, खरेदी सांभाळू शकतो. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) निकषाने 91 ते 120 मुलांना किमान चार शिक्षक लागतात, म्हणजे दोघं घरचे पात्र असले तरी दोघं बाहेरचे घ्यावेच लागतात. आणि शाळा संस्थेची असते, घराची नव्हे. घरच्या माणसाचा पगारही बँकेतूनच द्या, हजेरीपटावर सही घ्या. गल्ल्यातून किराणा आणायची सवय लागली की लेखापरीक्षणात तेच वर येतं.

दिवस साडेपाचला टाकीपासून सुरू होतो. दिवसाच्या शाळेला माणशी 45 लिटर पाणी हा प्रचलित निकष आहे. 120 मुलांना 5,400 लिटर होतात, म्हणून दोन हजारांच्या तीन टाक्या लागतात. मोटर चालायला वीज हवी, तेव्हा जोडणी गावठाण फीडरवर, म्हणजे गावातल्या घरांच्या लाइनवर घ्या. कृषी फीडरची वीज पाळीने येते, कधी दिवसा कधी रात्री. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे दोन हजारांच्या टाकीला पाच ग्रॅम, अंदाजे एक सपाट चहाचा चमचा. ती थेट टाकीत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, पंधरा मिनिटं निवळू द्यायची, वरचं नितळ पाणी टाकीत ओतायचं आणि खालचा चुना टाकून द्यायचा. निदान अर्ध्या तासाने नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी, घ्यायची. पिवळसर रंग आला तर ठीक. पाणी बिनरंगाचंच राहिलं तर बहुतेक वेळा पावडर मेलेली असते, कारण पिशवीचं तोंड उघडं राहिलं की तिच्यातलं क्लोरीन उडून जातं. पावडर झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सावलीत ठेवा.

टीसीएलने जंतू मरतात, फ्लोराईड जात नाही, आणि उकळूनही जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. यवतमाळ-चंद्रपूरच्या बऱ्याच भागांत बोअरला फ्लोराईड लागतं. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत बरं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 ही शेवटची हद्द. म्हणून इमारतीचा नकाशा काढायच्या आधी बोअरच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. आरओ बसवलात तर एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: त्यातला कार्बन फिल्टर क्लोरीन शोषून घेतो, त्यामुळे आरओच्या साठवणीच्या टाकीला कसलंच संरक्षण राहत नाही. ती रोज संध्याकाळी रिकामी करायची, शनिवारी आतून घासायची. आरओचं वाया जाणारं पाणी संडासाच्या टाकीत सोडा.

साडेसहाला गाडी निघते. नकाशावर 22 किलोमीटर दिसलं की लोक अर्धा तास धरतात. गावरस्त्यावर ताशी 25ची सरासरी मिळाली तरी नशीब, म्हणजे 53 मिनिटं, त्यात बारा थांबे आणि प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे आणखी 18. सव्वा तास गेला. पहिल्या थांब्यावरचं पोर शाळेत उतरतं तेव्हा पेंगलेलं असतं आणि अर्धा डबा गाडीतच संपलेला असतो. फेरी पंचेचाळीस मिनिटांत बसवायची तर गावं कमी घ्या, मोह आवरा. खर्च असा: सकाळी रिकामी जाणं, भरून येणं, संध्याकाळी उलट, मिळून 88 किलोमीटर. लिटरला दहाचा अॅव्हरेज धरला तर रोज 8.8 लिटर, महिन्याच्या 25 दिवसांत 220 लिटर. लिटरला 92 रुपये धरले तर वीस हजारांच्या वर, आणि वीस मुलं असली तर प्रत्येकी हजार रुपये नुसत्या डिझेलचे. चालक, मुलांना सांभाळणारी मावशी, विमा, फिटनेस, टायर वेगळे. गाडी फीच्या आत देतो म्हणणाऱ्या शाळा दुसऱ्या वर्षी शिक्षकांचे पगार थकवतात.

मुलं उतरली की मावशीने शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, सीटखाली वाकून बघायचं आणि मग वहीवर आकडा लिहायचा. चढताना किती, उतरताना किती. झोपलेलं लहान पोर बंद गाडीत राहणं ही कल्पनेतली भीती नाही, आणि मे महिन्याची वाट बघावी लागत नाही, मार्चचं ऊनही पुरतं.

वर्गाबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हाला येतंच. फक्त भाषेचं ध्यानात ठेवा. घरी वऱ्हाडी बोलणारी पोट्टी आणि घरी गोरमाटी (बंजारा), गोंडी किंवा कोलामी बोलणारी मुलं एकाच बाकावर असतात. दुसऱ्या गटाला मराठीच दुसरी भाषा आहे, इंग्रजी तिसरी. पहिले सहा आठवडे पुस्तक उघडू नका. उठ, बस, दार लाव, पाणी दे, तुझी पाटी कुठे, एवढीच वाक्यं इंग्रजीत, कृतीसह, रोज तीच. अर्थ मुलाला त्याच्या भाषेत सांगायला लाजू नका. 'मराठी बोललं की दंड' असलं काही ठेवलंत तर मुलं इंग्रजी बोलायची नाहीत, गप्प बसायला शिकतील.

दफ्तराचं काम रोज दुपारी तासभर, साठवायचं नाही. दाखल-खारीज रजिस्टर हे सगळ्यात जड पुस्तक. जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, नाव जन्मदाखल्याप्रमाणे, आणि जातीची नोंद कागद बघूनच. दहा-पंधरा वर्षांनी जात पडताळणीला हीच ओळ मागतात, आणि तिच्यावरची खाडाखोड मुलाला महागात पडते. आधारवर 'ज्ञानेश्वर'चं स्पेलिंग एक आणि जन्मदाखल्यावर दुसरं असेल तर प्रवेशाच्या दिवशीच पालकांना दुरुस्तीला पाठवा, नाहीतर सरकारी पोर्टलवर ते मूल जुळत नाही.

परतीची गाडी सकाळपेक्षा अवघड असते, हे बाहेरून आलेल्यांना कळत नाही. सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) होऊन कापसाची वेचणी लागली की आई पहाटे वावरात जाते ती दिवस मावळता येते. चार वाजता फाट्यावर घ्यायला कोणी नसतं. 'मोठं माणूस असल्याशिवाय उतरवायचं नाही' हा नियम बरोबर आहे, पण नुसता नियम ठेवलात तर गाडी पोर घेऊन परत येते आणि आठ वाजेपर्यंत ते तुमच्या स्वयंपाकघरात बसतं. म्हणून ऑक्टोबरच्या आत प्रत्येक गावात एक उतरायचं घर ठरवा. पालकांनीच सुचवलेलं, लेखी, दोन फोन नंबरसह. आजी असलेलं घर सगळ्यात बरं. यादीची एक प्रत गाडीत, एक दफ्तरात, आणि बदल फोनवर नाही, चिठ्ठीनेच.

फीचं वेळापत्रक शहरासारखं जून-सप्टेंबर-डिसेंबर ठेवू नका. जूनमध्ये शेतकऱ्याचा पैसा बियाण्या-खतात जातो, तेव्हा घरात दमडी नसते. जूनला वह्या-गणवेशापुरतं घ्या, मोठा हप्ता सोयाबीन निघाल्यावर दिवाळीच्या आसपास, दुसरा कापसाचा जानेवारीत, उरलेला तुरीनंतर मार्चमध्ये. याचा अर्थ जून ते ऑक्टोबरचे पाच पगार तुमच्या हातात आधीच हवेत. तेवढी शिल्लक नसेल तर एक वर्ष थांबा. आरटीईच्या 25 टक्के मोफत जागांचा सरकारी परतावा या हिशेबात धरू नका, तो येतो तेव्हा येतो. फी थकली म्हणून टीसी अडवता येत नाही. शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवूनच ठरवा.

घर आणि शाळा एकाच आवारात? जमतं, पण मीटर वेगळं, फाटक वेगळं, फोन वेगळा. नाहीतर रात्री नवाला पालक 'उद्या सुट्टी हाय का मॅडम' विचारायला ओट्यावर येतात. सासरे फाटकावर बसले तर शिस्त आपोआप राहते, मात्र फीची वसुली त्यांच्याकडे देऊ नका. गावात त्यांचे संबंध चाळीस वर्षांचे आहेत, त्यांच्याने होत नाही. स्वतःच्या मुलाचा वर्ग स्वतःकडे घेऊ नका. तो घरी आई म्हणेल, वर्गात मॅडम, आणि पेपर कोणी तपासला यावर गावात चर्चा होईल.

वर्षाचा आराखडा मांडताना पोळा आणि तान्हा पोळ्याच्या दिवशी चाचणी ठेवू नका, वर्ग रिकामा मिळेल. पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास भरावे लागतात, दिवसाला सरासरी चारच तास. त्यामुळे उन्हाळ्यातली सात ते साडेअकराची सकाळची शाळा हिशेबात बसते. कूलर लावलात तर समोरची खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत नुसता दमटपणा वाढतो. त्याचं पाणी दर आठवड्याला पूर्ण काढून टाकी कोरडी पुसा, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, आणि तोवर पहिला पाऊस बहुधा पडलेला असतो. उघडायच्या चार दिवस आधी खोल्या बाहेरच्या माणसाकडून नाही, घरच्यांनी काठी घेऊन उघडायच्या. बाकांचे ढीग, चटयांच्या गुंडाळ्या, वापरात नसलेला संडास, याच तीन जागांत साप-विंचू सापडतात. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस (विषावरचं प्रतिविष) आहे ते त्याच दिवशी फोन करून विचारा आणि नंबर गाडीत चिकटवा. लस कुठे आहे हे वर्षभर तेच राहत नाही, म्हणून दर पावसाळ्यात पुन्हा विचारावं लागतं.