माहेर मडगाव, सासर ठाणे आणि मध्ये लोबेरा

पत्र:

ताई, माझं माहेर मडगावचं, फातोर्डा स्टेडियमला आम्ही चालत जायचो. सासर ठाण्याला. नवरा मुंबई सिटीचा फॅन, भाऊ एफसी गोवाचा आणि मी पण एफसी गोवाचीच, लग्न झालं म्हणून टीम बदलली नाही. सेर्जिओ लोबेरा आमचा कोच होता तेव्हा मी जेवढं फुटबॉल एन्जॉय केलं तेवढं आधी कधी नाही आणि नंतरही नाही. मग तो गेला, मुंबईलाच गेला, आमचे प्लेअर तिकडे गेले आणि ट्रॉफी पण तिकडेच जिंकला. यंदा चवथीला माहेरी सगळे जेवायला बसलो होतो, नवरा हसत हसत म्हणाला की लोबेरा पाठवलात त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिलेच, तर भाऊ पानावरून उठला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. भाऊ म्हणतो लोबेरा गद्दार आहे आणि मी अजून त्याच्याबद्दल चांगलं बोलते म्हणजे मी आता पूर्ण सासरची झाले. खरं सांगू का, मला लोबेराचा राग पण येतो आणि आठवण पण येते, आणि क्लबवरचा राग तर अजून गेलेलाच नाही. मी नक्की कोणावर चिडायचं?
– माहेरवाशीण, ठाणे

उत्तर:

अगं माहेरवाशिणी, सणाच्या दिवशी भाऊ पानावरून उठला हे वाचून मला फार वाईट वाटलं, त्याचं काय करायचं ते सांगतेच, पण आधी लोबेराचं बोलूया कारण ते तुझ्या मनात नीट लागल्याशिवाय तू त्या दोघांना काहीच सांगू शकणार नाहीस.

आणि एक आधीच सांगून ठेवते, कोणी तुला म्हणेल की एका कोचसाठी एवढं काय, खेळ आहे तो, तर ऐकून सोडून दे. ज्याने वर्षानुवर्षं दर आठवड्याला घरातल्या माणसांबरोबर बसून एका टीमसाठी जीव टांगणीला लावलाय त्यालाच कळतं हे, बाकीच्यांना समजावत बसू नकोस.

तुझं प्रेम उगाच नाहीये हे मला तुला पहिल्यांदा सांगायचंय. लोबेरा आला तेव्हा आपली काय अवस्था होती आठव. २०१५ ची आयएसएलची (इंडियन सुपर लीग) फायनल, आपलंच फातोर्डा, मॅच संपत आली तरी २-१ ने पुढे आणि मग दोन गोल खाऊन ३-२ ने हरलो, चेन्नईयिन कप घेऊन गेले. पुढच्या वर्षी झिकोसारखा कोच असूनही टीम टेबलात सगळ्यात खाली. अशा टीमकडे २०१७ मध्ये हा बार्सिलोनात तयार झालेला स्पॅनिश माणूस आला आणि पहिल्याच सीझनमध्ये लीगच्या १८ मॅचमध्ये ४२ गोल मारले, आपला स्ट्रायकर कोरो एकट्याने १८ मारून सगळ्यात जास्त गोलचा गोल्डन बूट घेऊन गेला आणि पुढच्या वर्षी १६ मारून परत त्यालाच मिळाला. गोलकीपरपासून बॉल जमिनीवरून खेळत पुढे न्यायचा, समोरचे बॉल हिसकावायला अंगावर आले तरी लांब भिरकावायचा नाही, त्यात कधी चूक होऊन गोल बसायचा आणि आपण डोक्याला हात लावायचो, पण पुढच्या वेळी पण टीम तसंच खेळायची. गोव्यात आधी चांगलं फुटबॉल नव्हतं असं नाही गं, धेंपो, साळगावकर, चर्चिल हे आपले जुने क्लब बघत मोठी झालेली माणसं आहेत आपल्याकडे, पण एवढ्या निर्भयपणे खेळणारी टीम आपली आहे ही मिजास लोबेराने दिली. अंधेरीतल्या २०१९ च्या फायनलला ११७ व्या मिनिटाला बेंगळुरूच्या राहुल भेकेने हेडरने गोल मारून कप नेला तेव्हा मी पण तुझ्यासारखीच रडले असणार, आणि महिन्याभराने भुवनेश्वरला चेन्नईयिनला २-१ हरवून सुपर कप जिंकला, क्लबची पहिली ट्रॉफी, तेव्हाही रडले. हे सगळं तू विसरावंस असं मी तुला कधीच सांगणार नाही.

आता भावाच्या शब्दाकडे येते. गद्दार.

३१ जानेवारी २०२० ला काय झालं ते तारखेनिशी बघ. दोनच दिवस आधी फातोर्ड्यावर ओडिशाला ४-२ हरवलेलं, टीम टेबलात पहिली, लीगच्या तीन मॅच बाकी, पहिला नंबर राखला तर लीग शिल्ड आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजचं तिकीट, जे तोपर्यंत एकाही भारतीय क्लबला मिळालं नव्हतं. आणि त्या वेळी क्लबने कोचला जायला सांगितलं. मॅनेजमेंटशी पटत नव्हतं अशा बातम्या आल्या, आत काय झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक, मी त्यावर बोलणार नाही. पण कोण कोणाला सोडून गेलं याबद्दल तर वाद नाही ना? स्वयंपाक ज्याने केला त्याला पंगत बसायच्या आधी दारातून बाहेर काढलं आणि मग तो दुसऱ्याच्या घरी जाऊन रांधायला लागला म्हणून आपण त्याला शिव्या देतोय. हे बरोबर नाही. तुझ्या भावाला पण मनातून माहितीये हे, म्हणून तर तो एवढा चिडतो.

सोडून जाणं कसं असतं ते बघायचं असेल तर डिसेंबर २०२१ आठव. आपला तेव्हाचा कोच हुआन फेरांडो चालू सीझनमध्ये, टीमला गरज असताना, एटीके मोहन बागानकडे गेला. त्याच वर्षी त्याने आपल्याला ड्युरंड कप जिंकून दिला होता आणि तरी गेला. त्यावर भाऊ पानावरून उठतो का? नाही ना. कारण फेरांडोवर त्याने एवढा जीव लावलाच नव्हता. एवढा राग आपल्याला जवळच्याच माणसाचा येतो, तू लोबेराला आठवतेस आणि तो लोबेराला शिव्या देतो यात मला तरी फारसा फरक दिसत नाही.

प्लेअर नेले म्हणतेस ते मात्र खरं दुखणं आहे आणि ते मी उडवून लावणार नाही. फक्त त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूस हे तिघे आधी मोरोक्कोच्या मोघ्रेब तेतुआनकडून खेळलेले, लोबेरा पण तिथूनच आपल्याकडे आलेला, म्हणजे ती त्याच्या ओळखीची माणसं होती, ती त्याच्यामुळे गोव्यात आली आणि त्याच्यामागे मुंबईला गेली. प्रोफेशनल माणसं आहेत, मुंबई सिटीमागे तेव्हा सिटी फुटबॉल ग्रुपचा, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांचा, पैसा आलेला, यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. पण मंदार राव देसाई? तो आपला. गोव्याचा पोरगा, आपला कॅप्टन, आणि तो त्या निळ्या जर्सीत दिसला तेव्हा पोटात तुटलं, माझ्याही. त्याचंही करिअर आहे, त्यालाही आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या कोचबरोबर खेळावंसं वाटलं असणार, हे सगळं समजतं, तरी तुटलं ते तुटलंच. तुझ्या भावाशी बोलशील तेव्हा त्याला विचारून बघ, त्याला लोबेराचं जास्त लागलंय का मंदारचं. मला वाटतं मंदारचं असेल.

आणि तुझं दुखणं काय आहे ते मला तुझ्या पत्रातून जेवढं कळलं ते असं आहे की लोबेराला निरोप द्यायलाच मिळाला नाही. ओडिशाच्या मॅचला फातोर्ड्यावर टाळ्या वाजवल्या तेव्हा कोणाला माहीत होतं ही त्याची शेवटची मॅच. नंतर लॉकडाऊन आलं, २०२०-२१ चा अख्खा सीझन गोव्यातच झाला, तीन स्टेडियम, बायो बबल, आत प्रेक्षक नाहीत. आणि त्याच सीझनला लोबेरा मुंबईचा कोच म्हणून परत आपल्या गावात. सेमीफायनल आपल्याशीच पडली, पहिली मॅच २-२, दुसरी ०-०, पेनल्टीवर ६-५ ने गेली. मग १३ मार्च २०२१ ला फायनल, ती पण फातोर्ड्यावर, ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल, मुंबई चॅम्पियन, शिल्ड आधीच घेतलेली. ज्या ग्राउंडवर त्याने कप उचलावा म्हणून तू नवस बोलली असशील तिथेच त्याने उचलला, दुसऱ्यांसाठी, आणि तुम्हाला शेजारी राहून आत जाऊन ना हुर्यो करता आली ना टाळी वाजवता आली. जे व्हायला हवं होतं ते झालंच नाही आणि म्हणून ते तुझ्यात अडकून पडलंय. राग आणि आठवण दोन्ही एकदम येतायत त्यात काही विचित्र नाही गं, निरोप न देता गेलेल्या माणसाबद्दल असंच होतं. तू कोणावर चिडायचं विचारतेस, तर ज्यांनी तो निरोप घेऊ दिला नाही त्यांच्यावर चीड, म्हणजे क्लबच्या त्या निर्णयावर, आणि ती चीड ठेवून क्लबवर प्रेम करता येतं. गोव्यातल्या किती फॅननी तेच केलं.

क्लबबद्दल थोडं बोलायलाच हवं कारण तुझ्या पत्रात क्लिफर्ड मिरांडाचं नाव कुठेच नाही आणि ते मला खटकलं. लोबेरा गेल्यावर त्या गोव्याच्याच माणसाने टीम हातात घेतली आणि उरलेल्या तीन मॅच ४-१, ५-२, ५-० अशा जिंकल्या, त्यातली ५-२ ची तुझ्या नवऱ्याच्या मुंबई सिटीविरुद्ध, हे त्याला आठवण करून द्यायला माझी हरकत नाही. १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला शिल्ड पक्की झाली, ३९ पॉइंट. टीम बांधली लोबेराने हे खरं, पण घर जळतंय असं वाटत असताना पोरांना एकत्र ठेवलं क्लिफर्डने आणि ते सोपं नसतं. मग सेमीफायनलला चेन्नईत ४-१ ने मार खाल्ला, फातोर्ड्यावर ४-२ जिंकलो तरी एकूण ६-५ ने बाहेर. लोबेरा असता तर काय झालं असतं, हा प्रश्न तुझ्या डोक्यात फिरत असणार. मी एवढंच म्हणेन की २०१८ च्या सेमीफायनलला तो होता आणि तेव्हाही याच चेन्नईयिनने याच चेन्नईत आपल्याला ३-० हाणलं होतं. त्याची टीम नॉकआउटला मागून उघडी पडायची, आपण प्रेमात होतो म्हणून ते बोलायचो नाही. त्याच्यावर प्रेम कर पण हे पण लक्षात ठेव, नाहीतर तो गेल्यानंतरचा प्रत्येक कोच तुला खुजा दिसेल आणि त्यांच्यावर तो अन्याय होईल.

आणि त्याने मागे जे ठेवलं ते मुंबईला गेलं नाही. एप्रिल २०२१ मध्ये फातोर्ड्यावर चॅम्पियन्स लीग, समोर कतारचा अल रय्यान, त्यांचा कोच फ्रान्सचा वर्ल्ड कप जिंकलेला लॉराँ ब्लाँ, आणि ०-० ड्रॉ करून भारतीय क्लबचा तिथला पहिला पॉइंट आपण घेतला. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध हरलो पण आपल्या एदू बेदियाने हेडरने गोल मारला, भारतीय क्लबचा त्या ग्रुप स्टेजमधला पहिलाच. बेदिया कोणाच्या काळात आला? २०१७, लोबेराबरोबर. ड्युरंड कपच्या फायनलचा गोल पण बेदियाचाच.

आता घरातलं. नवऱ्याचं वाक्य तुला जेवढं साधं वाटलं असेल तेवढं ते नव्हतं. सासुरवाडीत, चवथीच्या पानावर, ज्यांच्या घरासमोरून ट्रॉफी उचलून नेली त्यांनाच आभार म्हणायचं, हे चेष्टेत सुद्धा जास्त झालं. त्याने माफी मागायला हवी, लोबेराबद्दल नाही, त्या वेळी त्या जागी बोलल्याबद्दल. आणि त्याला समजावायला तुझ्याकडे एक चांगली गोष्ट आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये, नवा सीझन अगदी तोंडावर असताना, लोबेरा मुंबई पण सोडून गेला आणि नंतर चीनमध्ये काम करायला लागला. त्या दिवशी तुझ्या नवऱ्याला काय वाटलं होतं ते त्याला विचार, शांतपणे विचार, टोमणा म्हणून नको. त्याला कळेल भाऊ का उठला ते.

भावाला मात्र लोबेराचं काही पटवायला जाऊ नकोस. त्याला तो आयुष्यभर आवडला नाही तरी चालेल, तो त्याचा हक्क आहे. त्याच्याशी भांडायचं ते दुसऱ्या वाक्यावरून, तू सासरची झालीस म्हणाला त्यावरून, आणि तिथे अजिबात माघार घेऊ नकोस. ठाण्यात, मुंबई सिटीवाल्याच्या घरात राहून इतकी वर्षं केशरी जर्सी घालून बसणारी तू, तुला हे ऐकावं लागावं हे मला सहन होत नाही. त्याला स्पष्ट सांग की मला हे लागलंय, लोबेरा राहू दे बाजूला, हे तू मला बोललास ते लागलंय. फोनवर सांग, मेसेज करू नकोस, मेसेजवर माणसं फक्त स्कोअर काढतात.

भाऊबीजेला मडगावला जाशीलच. नवऱ्याला घेऊनच जा, आणि निघायच्या आधी भावाला पहिला फोन त्यालाच करायला लाव.