बहुमत असूनही विधेयक का अडतं?

प्रश्न : 2025 मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपद, प्रतिनिधिगृह आणि सिनेट, तिन्ही रिपब्लिकन पक्षाकडे होतं. तरी सरकारी कामकाज ठप्प कसं झालं? (नाशिक)

सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, 100 जागांपैकी 53 त्यांच्याकडे होत्या, पण नेहमीच्या विधेयकाला तेवढं पुरत नाही. चर्चा संपवून विधेयक मताला टाकायचं तर आधी 60 जणांचा होकार लागतो. तो होकार अडवून धरणं म्हणजे फिलिबस्टर. आरोग्यविम्याच्या अनुदानावरून डेमोक्रॅट्सनी खर्चाचं विधेयक अडवलं आणि 1 ऑक्टोबरपासून 43 दिवस टाळेबंदी चालली. अखेर डेमोक्रॅट गोटातल्या आठ जणांनी साथ दिली, तेव्हा बरोबर 60 मतं जमली.

प्रश्न : ही 60 मतांची अट राज्यघटनेतच आहे का? (कोल्हापूर)

नाही. तो सिनेटचा स्वतःचा नियम आहे. 1917 मध्ये तो आला तेव्हा दोन तृतीयांश मतं लागत. 1975 मध्ये ती अट 60 वर आली. पूर्वी अडवणाऱ्याला खरोखर उभं राहून बोलत राहावं लागे. सिनेटर स्ट्रॉम थर्मंड 1957 मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध 24 तास 18 मिनिटं बोलले. आज नुसता विरोध कळवला तरी भागतं. माझ्या मते इथेच बिघडलं: अडवणूक फुकट झाली.

पण नियमापेक्षा मोठा बदल पक्षांमध्ये झाला आहे. 10 जून 1964 चं मतदान पाहा. नागरी हक्क कायद्यावरची चर्चा संपवायला 71 मतं पडली : 44 डेमोक्रॅट, 27 रिपब्लिकन. विरोधातल्या 29 पैकी 23 डेमोक्रॅटच होते, बहुतेक दक्षिणेतले. मेंदूच्या गाठीमुळे वाचा गेलेले कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्लेअर एंगल चाकाच्या खुर्चीतून आले आणि त्यांनी डोळ्याकडे बोट दाखवलं. इंग्रजीत ‘आय’ म्हणजे डोळाही आणि होकारही. तेव्हा दोन्ही पक्षांत उदारमतवादीही होते आणि सनातनीही, म्हणून पलीकडून मतं मिळत. आता दोन्ही पक्ष आतून एकजिनसी झालेत. पलीकडची सात-आठ मतं मिळवताना दमछाक होते.

प्रश्न : मग जुलै 2025 चा मोठा करकायदा 51-50 मतांनी कसा झाला? (ठाणे)

‘रिकन्सिलिएशन’ या वाटेने. 1974 च्या कायद्यानुसार अर्थसंकल्पाशी निगडित विधेयकावरची चर्चा वेळेने बांधलेली असते, म्हणून तिथे साधं बहुमत चालतं. मतं 50-50 झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांनी निर्णायक मत दिलं. मात्र या वाटेने काहीही नेता येत नाही. करोनाकाळातल्या 2021 च्या मदत विधेयकात तासाला 15 डॉलर किमान वेतनाची तरतूद होती; ती या नियमात बसत नाही, असा निर्वाळा सिनेटच्या पार्लमेंटेरियन (नियमांच्या सल्लागार) एलिझाबेथ मॅकडोनो यांनी दिला आणि ती गळाली. तिथले अनेक कायदे करसवलती आणि अनुदानांच्या भाषेत का लिहिले जातात, ते यावरून कळावं.

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. देशनिहाय मर्यादा काढायचं विधेयक मंजूर झाल्याचं ऐकलं होतं. त्याचं काय झालं? (पुणे)

दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं होतं, तरी कायदा झाला नाही. रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण 7 टक्क्यांची मर्यादा आहे. ती हटवणारं विधेयक प्रतिनिधिगृहाने जुलै 2019 मध्ये 365 विरुद्ध 65 मतांनी संमत केलं. सिनेटमध्ये ते सर्वसंमतीने नेण्याचा प्रयत्न झाला. या पद्धतीत एकाही सदस्याने हरकत घेतली की विषय थांबतो, आणि हरकती येतच राहिल्या. त्या मिटवता मिटवता मसुदा बदलला आणि 2 डिसेंबर 2020 ला मंजूर झाला तो हा बदललेला मसुदा. दोन्ही मसुदे जुळवायला महिनाभर उरला होता. काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मुदत दोन वर्षांची; ती जानेवारी 2021 मध्ये संपली, तसं विधेयकही निकालात निघालं. पुढच्या काँग्रेसमध्ये ते पहिल्यापासून मांडावं लागतं. म्हणून ‘प्रतिनिधिगृहात मंजूर’ अशी बातमी आली, तर मुलाला एवढंच विचारायला सांगा : सिनेटमध्ये 60 जण कोण?