माझ्या गळ्याची शपथ घालू का?

शहादा तालुक्यातल्या एका आईचं हे पत्र. ओळख पटेल असं सगळं काढून, जितकं छापता येईल तितकंच छापतेय.

"आक्का, माझा पोरगा २२ वर्षांचा आहे, धुळ्याला शिकतो. वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी पोरं गोळा करतो, मोर्चात बोलतो. महिना झाला, रात्री मोटरसायकलवर घरी येत होता. बिननंबरची पांढरी गाडी आडवी लागली. तिघं साध्या कपड्यातले. 'साहेबांनी बोलावलंय' म्हणाले, मोबाइल घेतला, तोंडावर टॉवेल टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महामार्गावर सोडून दिलं. मारलं नाही. बहीण किती वाजताच्या एसटीने कॉलेजला जाते, ते मात्र त्याला सांगितलं. तेव्हापासून तो घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर, एकटा झोपतो, बोलत नाही. दोन माणसं घरी येऊन चहा पिऊन गेली, 'पोराला समजवा' म्हणाली. त्याचे वडील म्हणतात, सुरतेला काकाकडे धाडू. पोरीचं लग्न जमत आलंय. नंदुरबारला शिरीषकुमारांचं स्मारक दाखवायला लहानपणी मीच त्याला नेलं होतं, हे आठवून रडू येतं. माझ्या गळ्याची शपथ घालून हे सोडायला लावू का?"

ताई, शपथ घालू नका.

तुमची भीती खोटी आहे म्हणून नव्हे. ती पुरेपूर खरी आहे. पण एका रात्री तीन अनोळखी माणसांनी त्याच्या आयुष्याचा निर्णय त्याच्या हातातून काढून घेतला. आता घरात आईनेही तेच केलं, प्रेमापोटी केलं तरी, तर त्याच्याकडे स्वतःचं असं काय उरेल? तो थांबलाच, तर त्याच्या विचाराने थांबू दे. वर्षभर अभ्यास करतो म्हणाला, तर तेही मान्य करा. त्याला पळपुटं म्हणायचा हक्क मला नाही, त्याच्या संघटनेतल्या मित्रांनाही नाही.

आणि स्मारकाचं मनाला लावून घेऊ नका. ९ सप्टेंबर १९४२ ला, चले जाव आंदोलनात, शाळकरी शिरीषकुमार आणि त्यांचे चार सोबती नंदुरबारच्या रस्त्यात ब्रिटिश राजवटीच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडले. आपण पोरांना तिथे नेतो, फुलं वाहतो. त्यातल्या एका पोराने ते मनावर घेतलं, तर त्यात आईची चूक कुठे आली?

तुम्ही लिहिलंय, "मारलं नाही." या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. उचलायचं, काही तास ठेवायचं, अंगावर वळ उठू द्यायचा नाही, कागद करायचा नाही, बहिणीच्या एसटीची वेळ सांगायची आणि सोडून द्यायचं. हे एकट्या तुमच्या पोरासाठी नसतं. तो परत येऊन गप्प बसला, की बाकीची पन्नास पोरं आपोआप गप्प बसतात. जगभर हीच रीत आहे. केनियात जून २०२४ मध्ये तरुण वित्त विधेयकाविरुद्ध रस्त्यावर आले. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत माणसं उचलून नेल्याची ८२ प्रकरणं तिथल्या मानवाधिकार आयोगाने नोंदवली. बांगलादेशात त्याच वर्षी जुलैत विद्यार्थी आंदोलनाच्या काही समन्वयकांना पोलिसांनी दवाखान्यातून उचललं आणि आंदोलन मागे घेतल्याचं निवेदन कॅमेऱ्यासमोर वाचायला लावलं. सुटल्यावर त्यांनी उघडपणे सांगितलं, ते आमच्याकडून जबरदस्तीने वाचून घेतलं होतं. त्यांनी तोंड उघडलं म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे.

तुमच्या घरात मात्र या गोष्टीचा एकही कागद नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे.

एक वही घ्या. पोरगा सांगेल तेवढं, त्याच्याच शब्दांत, त्याच्या हाताने लिहून काढू द्या. तारीख, वेळ, कुठल्या फाट्यावर अडवलं, गाडीत कसला वास होता, कोणी कोणाला काय नावाने हाक मारली, ठेवलं तिथे रेल्वेचा आवाज येत होता की जिनिंगचा. आज बारीक वाटतं तेच पुढे कामाला येतं. घरी येऊन चहा पिणाऱ्यांचीही नोंद ठेवा. पुढच्या वेळी आले तर नाव विचारा, ओळखपत्र मागा, शेजारच्या दोघांना ओट्यावर बोलावून बसवा.

मग तक्रार. ठाण्यात "मिसिंग होता, आला ना परत?" म्हणून बोळवण करतील. तुमची तक्रार अपहरणाची, डांबून ठेवल्याची आणि धमकीची आहे, हे सोडू नका. नोंदवून घेतलं नाही, तर तोच मजकूर लेखी पोलीस अधीक्षकांना पाठवा. पोच घ्या, शिक्का नीट उमटलाय का बघा. तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांपुढे जाता येतं. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, म्हणजे वेळ आहे. वकिलाच्या फीची चिंता नको. बाई म्हणून तुम्हाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करा.

ते तिघं खरंच पोलीस होते की कोणाचे पाळलेले, आपल्याला ठाऊक नाही. पण पोलीस असले तरी असं नेता येत नाही. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बजावलंय: अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी हवी, अटकेचा पंचनामा हवा, त्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही हवी, घरच्यांना कळवलं पाहिजे. आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं, हे तर राज्यघटनेतच आहे.

देव करो आणि पुन्हा असं न होवो. झालंच, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री ११२ ला फोन, वकिलाला फोन, अधीक्षकांना संदेश. उच्च न्यायालयात 'हेबियस कॉर्पस' म्हणजे माणूस समोर हजर करा असा अर्ज करता येतो. आपल्या खान्देशासाठी ते औरंगाबाद खंडपीठ, छत्रपती संभाजीनगरला. वकीलपत्राचा कागद आजच सही करून तयार ठेवा.

हा अर्ज काय मोलाचा आहे, ते केरळच्या एका बापाला विचारावं. १ मार्च १९७६ ला, आणीबाणीत, कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहातून राजन नावाच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी नेलं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने असे अर्ज चालणार नाहीत असा निकाल दिला. पाच न्यायमूर्तींत एकट्या एच. आर. खन्नांनी विरोध नोंदवला. राजनचे वडील, हिंदीचे प्राध्यापक ईचर वारियर, दारोदार फिरले. आणीबाणी उठल्यावर १९७७ मध्ये त्यांचा अर्ज न्यायालयात उभा राहिला, आणि त्या एका अर्जाने मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. राजन मात्र सापडला नाही, त्याचा देहही नाही. घाबरवायला नाही सांगत, ताई. त्यांना तेव्हा जे दार बंद होतं, ते तुम्हाला आज उघडं आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतही जगण्याचा हक्क गुंडाळून ठेवता येत नाही.

सुरतेचं म्हणाल, तर पंधरा दिवस काकाकडे जाऊन मोकळा होऊन येणार असेल तर जाऊ द्या. पण कायमचं पाठवायचं म्हणून तिकीट काढू नका, आणि त्याला न विचारता तर अजिबात नाही. धमकी बहिणीलाही आहे, तिला अंधारात ठेवू नका. तिने काही दिवस मैत्रिणीसोबत जावं, एसटी बदलावी. पाहुण्यांना वडिलांनी स्वतः सांगावं. बाहेरून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा ते बरं. ऐकून ते मागे सरले, तर लग्नाआधी कळलं एवढंच.

राहिला त्याचा अबोला. "काय झालं ते सांग" म्हणून मागे लागू नका. महिनाभरानंतरही झोप येत नसेल, दचकून उठत असेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. अंगावर वळ नसला तरी ही मारच आहे.

आज रात्री कळण्याची भाकर आणि ठेचा घेऊन तुम्हीच धाब्यावर जा. त्याच्याशेजारी गोधडी टाका. काही विचारू नका. तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर तिथेच झोपा. वही उशाशी असू द्या.

तुमची,
आक्का