दक्षिण आफ्रिकेतलं 'उबुंटू', म्हणजे माणूस माणसांमुळेच माणूस होतो ही धारणा, रोजच्या जगण्यात नेमकं कुठे दिसतं?

भाषणांत नाही, मयताच्या घरी बघा. जोहान्सबर्गच्या सोवेटोसारख्या टाउनशिपमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या शहरी वस्त्यांत, आणि खेड्यांतही अंत्यविधी मंडळं असतात. आपल्या भिशीसारखीच दरमहा ठरलेली वर्गणी, फक्त पैसा निघतो तो घरात मृत्यू झाल्यावर.

पण पैसा हा निम्माच भाग. दफन बहुधा शनिवारी असतं, त्याआधी आठवडाभर संध्याकाळी शेजारी प्रार्थनेला जमतात. शुक्रवारी बाया ढीगभर कोबी-गाजर चिरायला बसतात. पुरुष जनावर कापतात आणि तीन पायांची लोखंडी हंडी चुलीवर चढवतात. येईल त्याला जेवण, ओळख असो वा नसो. स्मशानातून परतताना फाटकाशी ठेवलेल्या पाण्यात हात धुऊनच आत यायचं. नुसते पैसे पाठवून कामाला न फिरकणाऱ्याबद्दल लोक बोलतात, काही मंडळं तर दंडही लावतात. माणुसकीला दंड कसला, असं वाटेल. पण त्याशिवाय असली व्यवस्था टिकत नाही, असं माझं मत.

बिघडतं कुठे? रोकड एकाच्याच घरी राहिली की. म्हणून बँक खातं आणि सह्या दोघा-तिघांच्या. नव्या सभासदाला काही महिने थांबावं लागतं, नाहीतर घरात कुणी आजारी पडल्यावरच लोक नाव नोंदवतील. कुणाकुणाच्या मृत्यूला पैसे मिळणार ती यादी आधीच लेखी हवी, नाहीतर चुलत्या-मावश्यांवरून भांडणं ठरलेली. सगळे सभासद एकाच वयाचे असले तर मृत्यूही लागोपाठ येतात नि गंगाजळी आटते. एड्सच्या साथीत तरुणच जाऊ लागले, तेव्हा बऱ्याच मंडळांचं कंबरडं मोडलं.